कशेळ्याच्या डोंगरातली खाडी

मला पाहिलं की कर्जतमधली काही माणसं अजून खिसे चाचपतात. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, गुडघे कुरकुरतात, चष्म्याचा नंबर वाढत चाललाय, पण धाक काही कमी होत नाही. परवा बँकेत पासबुक भरायला गेले, तर काउंटरपलीकडच्या चांगल्या पस्तिशीतल्या बाप्यानं मोबाइल पटकन फायलीखाली सरकवला आणि मग स्वतःच ओशाळला. "सवय, मॅडम," म्हणाला. बी.कॉम.च्या परीक्षेला माझ्या ब्लॉकमध्ये बसायचा तो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

एकतीस वर्षं मी रसायनशास्त्र शिकवलं. त्याबद्दल मला कुणी काही विचारत नाही. या अंकाचे संपादक माझेच विद्यार्थी. ते घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "मॅडम, रसायन नको. कॉपीचं लिहा." म्हणजे एकतीस वर्षांची पुण्याई गेली पाण्यात आणि उरली ती गैरप्रकार समिती. त्या समितीवर मी अकरा वर्षं होते. पोरांनी माझं नाव 'भरारी' ठेवलं होतं, भरारी पथकावरून. जिन्यात मी दिसले की "आली रं आली" अशी कुजबुज वरच्या मजल्यापर्यंत जायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

कॉलेजचं नाव मी सांगणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कॉपी पकडली, पेपर फाडला, संपलं. तसं नसतं. परीक्षेच्या वर्गाला आम्ही ब्लॉक म्हणतो. ब्लॉकमध्ये चिठ्ठी सापडली की ती चिठ्ठी आणि उत्तरपत्रिका दोन्ही ताब्यात घ्यायची, मुलाकडून लेखी खुलासा घ्यायचा, त्याला दुसरी उत्तरपत्रिका देऊन पुढचं लिहू द्यायचं. मग सगळं पाकीट समितीकडे येतं. समिती मुलाला बोलावते, ऐकून घेते आणि ठरवते: एक पेपर रद्द, की सगळेच रद्द, की पुढच्या परीक्षेलाही बंदी. म्हणजे आम्ही चार माणसं बिस्किटं खात खात एखाद्याचं वर्ष इकडचं तिकडं करू शकायचो. याची जाणीव मला पहिल्या वर्षी फार होती. नंतर बिस्किटांकडं जास्त लक्ष जायला लागलं.

पोरांपेक्षा त्यांचे आईबाप जास्त लक्षात राहिलेत. चौक गावात गॅरेज असलेले एक गृहस्थ मुलाच्या चौकशीला आले आणि खुर्चीत बसायच्या आतच म्हणाले, "चिठ्ठी माजी हाय. पोराचा शर्ट मी घालतो कदी कदी. ऱ्हायली असंल खिशात." चिठ्ठीवर अर्थशास्त्र होतं. मीही काही कमी खवचट नव्हते. म्हटलं, "असं का? मग सांगा बरं, मागणीची लवचीकता म्हणजे काय?" त्यांनी थोडा विचार केला. "बाई, टायर धा रुपयानं म्हाग केला की गिऱ्हाईक फुडच्या गॅरेजला जातं. पण रस्त्यात गाडी बंद पडल्याली आसंल, तर शंभरानं केला तरी मुकाट घेतं. तीच ना?" अर्थशास्त्राचे सर माझ्या शेजारी बसले होते, ते हळूच म्हणाले, "पूर्ण मार्क." पोराचा पेपर अर्थात रद्द झाला. पण बापाला मी जिन्यापर्यंत सोडायला गेले होते.

आणि एक खालापूरकडचा मुलगा होता. पेपरच्या दुसऱ्या दिवशी आपण होऊन माझ्या केबिनमध्ये आला. आदल्या दिवशी त्याच्या मित्राला पकडलं होतं. हा म्हणाला, "मॅडम, तीच चिठ्ठी आधी माझ्याकडं होती. मी लिहून घेतलं नि त्याला दिली. त्याला धरलं, मला नाय. हे बरोबर नाय." आता काल केलेली कॉपी आज पकडायची सोय कुठल्याच नियमात नाही. मी त्याला तसं सांगितलं आणि घरी पाठवलं. जाताना तो म्हणाला, "मग मी कुठं सांगायचं?" मी पुढची फाइल उघडली. हा प्रश्न पुढं माझ्यावरच उलटणार होता, पण तेव्हा ते मला ठाऊक नव्हतं.

आता प्रणालीचं सांगते. खरं म्हणजे हे सांगायलाच मी लेखणी हातात घेतलीय, मघाचं सगळं घसा साफ करणं होतं.

कर्जतजवळच्या कशेळ्याहून आत, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावातली ही मुलगी. वडील भातशेती करायचे, शिवाय वीटभट्टीवर मुकादम. प्रणाली बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, विषय रसायनशास्त्र. वर्गात मागून दुसऱ्या बाकावर, प्रश्न विचारला तर खाली बघणारी. इंग्रजी यथातथा, पण प्रयोगशाळेत हात असा सुबक की तिच्या टायट्रेशनचा शेवटचा थेंब मी मुद्दाम उभी राहून बघायची. रसायनीच्या एका कारखान्यानं तिला प्रयोगशाळेत नोकरी देऊ केली होती. अट एकच: जुलैमध्ये निकाल हातात घेऊन हजर व्हायचं. तिच्या गावातून कारखान्याच्या प्रयोगशाळेत जाणारी ती पहिलीच मुलगी होती. वर्गात पेढे वाटले तेव्हा तिनं मला दोन दिले होते.

शेवटच्या वर्षाला प्रकल्प असतो. तिनं गावातल्या पाच पाणवठ्यांचं पाणी तपासायला घेतलं. दर पंधरा दिवसांनी भल्या सकाळी पाच बाटल्या भरायच्या, शेअर जीपमध्ये मांडीवर घेऊन कर्जतला यायचं आणि दिवसभर प्रयोगशाळेत तपासायच्या. जीपवाले तिला 'पाणीवाली' म्हणायला लागले होते. एकदा तर एका आजोबांनी तहान लागली म्हणून त्यातली एक बाटली पिऊन टाकली. ही पुन्हा गावात गेली, पुन्हा भरून घेऊन आली.

मे महिन्यात तोंडी परीक्षा झाली. बाहेरचे परीक्षक आले, पुढ्यातल्या गठ्ठ्यातला वरचा प्रकल्प उचलला, तो प्रणालीचा निघाला. चाळता चाळता ते थांबले आणि हसले. मला पान दाखवलं. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की खाडीच्या पाण्याचा नमुना भरतीच्या वेळी घेतला.

कशेळ्याच्या डोंगरात खाडी, आणि तिला भरती!

पुढची-मागची पानं पाहिली. तेवीस पानं दुसऱ्याच कुणाची होती, खाडीकाठच्या कुणा मुलाच्या जुन्या प्रकल्पातली. परीक्षकांनी प्रणालीला विचारलं, तर तिला ती पानं आपल्या प्रकल्पात आहेत हेच माहीत नव्हतं. निदान तसं ती म्हणाली. प्रकरण समितीकडे आलं.

समितीसमोर मी काय केलं ते आता लिहितेच. मी ते पान वर धरलं आणि माझ्या त्या प्रसिद्ध आवाजात म्हटलं, "काय गं, कशेळ्याला समुद्र कधी आला? आम्हाला कळवायचंस तरी. आलो असतो पोहायला." बाकीचे तिघं हसले. प्रणाली हसली नाही, रडलीही नाही. मी विचारलं, "ही पानं कुणी घातली?" ती म्हणाली, "वही मी टायपिंगला दिली होती, मॅडम. शेवटच्या दिवशी बाइंडिंग करून मिळाली. मी वाचली नाही. चूक माझी आहे." टायपिंगवाल्याचं नाव मात्र तिनं सांगितलं नाही. तीनदा विचारलं तरी नाही. मला वाटलं, लबाडी करते. वाङ्मयचौर्य, प्रकल्प रद्द, वर्ष वाया, असं आमचं जवळजवळ ठरलंच होतं. फक्त कागद टाईप व्हायचा होता.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. एका हातात पिशवी, पिशवीत बाटल्या. प्रणाली मागं उभी राहून "आये, चल ना गं" म्हणत होती, पण आई काही हलली नाही. तिनं सगळ्या बाटल्या माझ्या टेबलावर ओळीनं मांडल्या. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर प्रणालीच्या अक्षरात तारीख, वेळ आणि जागा. सोबत एक लाँगबुक. मी ते उघडलं. सतरा पानं, मोडक्या इंग्रजीत, पेन्सिलीनं आखलेल्या तक्त्यांसह. पाच पाणवठे, आठ महिने. शाळेमागच्या विहिरीचं पाणी पिण्याजोगं नाही असा तिचा निष्कर्ष होता आणि त्याखाली एकच वाक्य होतं: ही विहीर आमची आहे, आम्ही हेच पाणी पितो.

तो निष्कर्ष बांधलेल्या प्रकल्पातही होता. खाडी आणि भरती यांच्या मध्ये कुठं तरी.

"बाई," आई म्हणाली, "मला काय तुमचं विंग्रजी कळत नाय. पर पोरीनं पानी भरल्यालं मी बगितलंय. पावसात बगितलंय, उन्हात बगितलंय." मग तिनं पिशवीतून बांधलेल्या प्रकल्पाची प्रणालीकडची प्रतही काढली, दुसरं पान उघडलं आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ही सई तुमची ना? पोरीच्या पेढ्याच्या टायमाला तुमी तिच्या वहीवर शाबास म्हणून केली हुती, तशीच हाय. म्हणून वळखली."

मी म्हटलं, "हो, माझीच."

"मंग तवा तुमाला दिसली नाय का ती खाडी?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

ते दुसरं पान म्हणजे प्रमाणपत्र. 'हा प्रकल्प विद्यार्थ्यानं माझ्या मार्गदर्शनाखाली केला असून मी तो तपासला आहे.' तिचे मार्गदर्शक सर तासिका तत्त्वावर होते. डिसेंबरमध्ये त्यांना दुसरीकडे कायमची नोकरी लागली नि ते गेले. मग विभागप्रमुख म्हणून सगळ्यांच्या सह्या माझ्यावर आल्या. बावीस प्रकल्प, एक दुपार, एक पेन. मी पहिलं पान उलटायची, दुसऱ्यावर सही ठोकायची आणि पुढचा घ्यायची. पोरांनी दुसऱ्याचं लिहिलेलं आपलं म्हणून दिलं, तर आम्ही त्याला गैरप्रकार म्हणतो. न वाचता 'तपासला आहे' असं लिहिणाऱ्या बाईला काय म्हणतात, ते कुठल्या नियमात नव्हतं.

आईला मी म्हटलं, "नाही दिसली. मी वाचलाच नव्हता." ती मान हलवून म्हणाली, "आसं हाय व्हय," आणि बाटल्या पिशवीत भरायला लागली. मी म्हटलं, राहू दे इथंच.

संध्याकाळी मी स्टेशनजवळच्या टायपिंगच्या दुकानात गेले. कुणी नाव सांगायची गरज नव्हती, आमची सगळी पोरं तिथंच जातात. दुकानदार, दत्ता, भला माणूस. मला बघून त्यानंही खिसा चाचपला असेल, मी पाहिलं नाही. मी विचारलं तर त्यानं लपवाछपवी काहीच केली नाही.

"मॅडम, नियम चाळीस पानांचा हाय ना? पोरं पंधरा-सोळा पानं घेऊन येतात. उरलेली मी घालतो. माझ्याकडं जुन्या प्रोजेक्टांतली थेअरीची फाइल हाय, पाण्याची येगळी, मातीची येगळी. कव्हर, बाइंडिंग नि थेअरी, समद्यांना देतो."

"मुलांना विचारतोस?"

"त्यात काय विचारायचं? लग्नाच्या पत्रिकेवर गणपती छापताना विचारतो का?"

"किती वर्षं घालतोस?"

"तुमचा नियम झाल्यापास्नं."

नियम माझाच होता. सात वर्षांपूर्वी मीच लिहिला होता, पोरं अंग चोरतात म्हणून. किमान चाळीस पानं, टंकलिखित, बांधणी केलेली. सात वर्षं दत्ताची पानं माझ्या हातात येत होती आणि सात वर्षं मी त्यांना गुण देत होते. त्या पोरीनं त्याचं नाव घेतलं नव्हतं, कारण त्यानं टाइप करताना तिच्या लाँगबुकातलं इंग्रजी पैसे न घेता दुरुस्त करून दिलं होतं. हे दत्तानंच मला सांगितलं.

आता मी कुठं सांगायचं? खालापूरच्या त्या मुलाचा प्रश्न आठवला. मी दुसऱ्या दिवशी खुलासा लिहिला. अकरा वर्षं दुसऱ्यांकडून लिहून घेतला, स्वतः लिहायला बसले तर सुरुवातच जमेना. तीन कागद फाडले. शेवटी पोरं लिहितात तसंच लिहिलं: मी प्रमाणपत्रावर न वाचता सही केली, चूक माझी आहे. प्रणालीच्या चौकशीत मी बसू नये हेही लिहिलं. प्राचार्य चांगले गृहस्थ, त्यांनी दार लावून घेतलं. "मॅडम, हात दाखवून अवलक्षण कशाला? अशा सह्या कोण करत नाही?" मी म्हटलं, "सर, हेच प्रत्येक पोरगं मला सांगतं. सगळेच करतात म्हणून." त्यांनी कागद ठेवून घेतला.

मग बावीसही प्रकल्प उघडले. नऊ जणांच्या प्रकल्पांत दत्ताची पानं होती, दोघांच्यात तर खाडीसुद्धा होती; बाकीच्यांनी चाळीस पानं आपली आपणच भरली होती. समितीनं, माझ्याशिवायच्या समितीनं, निर्णय बदलला. नऊ जणांनी आपापलं काम, असेल तेवढ्या पानांत, आपल्या अक्षरात लिहून द्यायचं आणि पुन्हा तोंडी परीक्षा द्यायची. प्रणालीनं सतरा पानं दिली. दुसऱ्या परीक्षकांनी तिला पाऊण तास प्रश्न विचारले आणि बाहेर येऊन मला म्हणाले, या मुलीला पुढं आणा. चाळीस पानांचा नियम त्याच आठवड्यात गेला. मला प्राचार्यांचं ताकीदपत्र मिळालं. ते अजून माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली.

पण या सगळ्याला वेळ गेला. निकाल राखून ठेवला गेला, तो ऑगस्टच्या शेवटी लागला. रसायनीच्या कारखान्यानं जुलैभर वाट पाहिली आणि दुसऱ्याला घेतलं. मी स्वतः जाऊन भेटले, कॉलेजचं पत्र दाखवलं. साहेब सौजन्यानं बोलले, चहा दिला, पण जागा भरली होती. प्रणालीनं एक वर्ष कशेळ्याच्या औषधाच्या दुकानात काढलं. मी तिची माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, "असू दे, मॅडम." हे 'असू दे' मला आजही सोसत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

आता माझ्या मागं आलेले शिक्षक सांगतात, मोबाइलच अख्खा प्रकल्प लिहून देतो, चाळीस काय, चारशे पानं. यंत्र लावून पकडतात म्हणे. पकडा बाबांनो. मी एवढंच सांगते, की आधी स्वतः वाचा.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या बोअरचं पाणी पिवळं यायला लागलं. रसायनीकडं एक खासगी प्रयोगशाळा आहे, तिथं प्रणाली असते हे मला माहीत होतं. आता ती तिथली मुख्य केमिस्ट आहे, रिपोर्टवर सही तिचीच असते. मी मोठ्या मायेनं एक बाटली भरली आणि रिक्षा, बस करत गेले. ती उठून उभी राहिली, पाया पडली, चहा मागवला. मग बाटली हातात घेऊन उजेडाला धरली.

"नमुना कुणी घेतला, मॅडम?"

"मीच."

"नळ आधी सोडला होतात? बाटली निर्जंतुक केलेली?"

"अगं, सरबताची आहे. धुतलीय चांगली."

तिनं बाटली हळूच माझ्यापुढं ठेवली. "मग नाही होणार, मॅडम. नमुना मी स्वतः किंवा आमच्या माणसानं घेतलेला नसेल, तर रिपोर्टवर मी सही करत नाही. रविवारी येते मी."

शेजारच्या टेबलावरची मुलगी आमच्याकडं बघत होती. मी, भरारी, सरबताची बाटली पिशवीत घालून गुपचूप चहा प्यायले.

रविवारी ती आली. नळ सोडून घड्याळ लावून उभी राहिली, मला बाजूला व्हायला सांगितलं, बाटली भरली, चिकटपट्टी लावली, तारीख, वेळ आणि जागा लिहिली. अक्षर तेच होतं. आठवड्यानं तिचा माणूस रिपोर्ट घेऊन आला. दोनच पानं होती. पोचपावतीचा कागद त्यानं पुढं केला आणि म्हणाला, "इथं सही करा, मॅडम." मी त्याला बसायला सांगितलं, चष्मा आणला, दोन्ही पानं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि मग सही केली.